शाळेची खोली कोणाच्या पैशाने बांधावी?

शाळा उघडण्याचे दिवस आले, की वाढत्या शहरातील शाळेच्या कचेरीपुढे पालकांची रांग लागते. कोणी रजा काढून आलेला असतो, कोणी हातावरचे काम टाकून आलेला असतो. प्रत्येकाच्या ओठांवर प्रश्न मात्र एकच असतो : "गुरुजी, जागा आहे ना?" या प्रश्नातील 'जागा' हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. पटावर नाव घालावयास कागदाची एक ओळ पुरते. परंतु त्या नावाचे मूल जेव्हा दप्तर घेऊन दारात उभे राहते, तेव्हा त्याला बसावयास फरशीचा दोन हात तुकडा लागतो, डोक्यावर छप्पर लागते, फळा दिसेल एवढे अंतर लागते. हा तुकडा आकाशातून पडत नाही. त्याचे पैसे कोणीतरी मोजावे लागतात. ते कोणी मोजावेत? गेली शंभर-दीडशे वर्षे आपण या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे देत आलो आहोत. ज्या भोपाळ शहरात मी शिकलो आणि आज शिकवितो, त्या शहराने तर यांतील बहुतेक उत्तरे स्वतःच्या अंगावर करून पाहिली आहेत. त्यांचीच हकीकत आज मी आपणांस सांगणार आहे.

सर्वांत जुने उत्तर म्हणजे राजाश्रयाचे. भोपाळच्या गादीवर १८१९ ते १९२६ या काळात चार बेगमा बसल्या, ही गोष्ट हिंदुस्थानच्या इतिहासात एकमेव म्हणावी अशी आहे. त्यांतील शेवटच्या सुलतान जहाँ बेगम १९०१ मध्ये राज्यावर आल्या. त्यांनी सरदार-जहागीरदारांच्या मुलांसाठी शाळा काढली, मुलींसाठी शाळा काढली, आणि १९१८ मध्ये आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. १९२० मध्ये स्थापन झालेल्या अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या त्या पहिल्या कुलपती होत. त्या काळी बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सर्व राज्यात सक्तीचे शिक्षण सुरू केलेच होते. कोल्हापुरास शाहू महाराजांनी १९१७ मध्ये तसाच हुकूम काढला, आणि इमारतींची वाट न पाहता देवळे, चावड्या व धर्मशाळा यांतून शाळा भरविण्याचा व्यवहारी मार्ग पत्करला. या राज्यकर्त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु राजाश्रयाला एक मर्यादा असते. दाता दूरदृष्टीचा असेल तोवर शाळा वाढते. त्याचे मन अन्यत्र वळले, की पागेला पैसा मिळतो आणि शाळेचे कौल गळू लागते.

दुसरे उत्तर पट्टीचे, म्हणजे कराचे. मुंबई इलाख्यात १८६३ च्या सुमारास शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून घेण्यास आरंभ झाला, आणि १८६९ च्या कायद्याने तो पक्का झाला. या आण्याचा एक-तृतीयांश भाग शाळांसाठी आणि उरलेला रस्त्यांसारख्या कामांसाठी होता. खेड्यापाड्यांतील कित्येक जुन्या शाळा या आण्यावर चालल्या आहेत. परंतु आणा देणारा कोण आणि शिकणारा कोण, हा प्रश्न लगेच उपस्थित झाला. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात हेच दुखणे मांडले. सरकारचा वसूल राबणाऱ्या रयतेच्या घामातून येतो आणि विद्येवरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो, हा त्यांचा आक्षेप होता. शाळेच्या पैशाचा हिशेब मागताना दाता आणि लाभार्थी या दोघांचीही नावे विचारली पाहिजेत, हे महाराष्ट्राने त्यांच्यापासून शिकावे.

पुढे नामदार गोखले यांनी १९११ मध्ये वरिष्ठ कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. खर्चाचा एक वाटा स्थानिक संस्थांनी आणि दोन वाटे सरकारने उचलावेत, आणि स्थानिक संस्थांना शिक्षणासाठी पट्टी बसविता यावी, अशी त्यांची सरळ योजना होती. मार्च १९१२ मध्ये ते विधेयक तेरा विरुद्ध अडतीस मतांनी फेटाळले गेले. विरोध करणाऱ्यांत सरकारी सभासद होते, तसेच आपले जमीनदारही होते. सर्व मुले शाळेत आली तर पैसा कोठून आणावयाचा, ही त्यांची शंका होती. मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने १९१८ मध्ये नगरपालिकांना सक्तीचे शिक्षण सुरू करण्याची मुभा देणारा कायदा झाला खरा. पण मुभा म्हणजे तरतूद नव्हे. पट्टी बसविण्याचा अधिकार हाती येऊनही मतदारांच्या रोषाच्या भीतीने तो न वापरणाऱ्या संस्था तेव्हाही होत्या आणि आजही आहेत.

तिसरे उत्तर जमिनीचे, आणि त्याचा भोपाळशी मोठा विलक्षण संबंध आहे. १९३७ मध्ये मध्यप्रांत व वऱ्हाडात लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले. शिक्षणखाते पंडित रविशंकर शुक्ल यांच्याकडे होते. त्यांनी 'विद्यामंदिर' नावाची योजना मांडली. ज्या गावी शाळा नाही तेथे कोणी धर्मदाय म्हणून जमीन द्यावी, तिचे वर्षाला सुमारे दोनशे रुपये उत्पन्न यावे, आणि त्या उत्पन्नावर एक शिक्षकी शाळा चालावी, अशी ती कल्पना होती. देवस्थानाला इनाम असते तद्वत विद्येलाही इनाम असावे, हा त्यामागील विचार. 'मंदिर' या नावावरून मुस्लिम लीगने वादंग माजविले, आणि १९३९ च्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यावर योजनेचा जोर ओसरला. तिच्यातील दोषही उघड होता : ज्या गावात दान देण्यासारखी जमीन अधिक, त्या गावाला शाळा लवकर, ज्या गावात सारेच भूमिहीन, त्याने कोणाच्या दारी जावे? तरीही शाळेला दरसालच्या मदतीवर न ठेवता स्वतःचे कायमचे उत्पन्न द्यावे, हा तिचा गाभा टाकाऊ नव्हता. हेच रविशंकर शुक्ल १ नोव्हेंबर १९५६ रोजी नव्या मध्यप्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री झाले. दोनच महिन्यांनी, त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला त्यांचे निधन झाले. राजधानी भोपाळच्या शाळांसाठी त्यांनी कोणती योजना आखली असती, हे कळण्याचा योग आला नाही.

श्रोतेहो, १९५६ हे वर्ष भोपाळच्या मराठी मंडळींच्या घरात अजूनही तारखेसारखे बोलले जाते. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, नागपूरची राजधानी गेली, आणि महाकोशल, मध्यभारत, विंध्यप्रदेश व भोपाळ मिळून नवे राज्य झाले. नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर, रीवा येथील कचेऱ्यांतील माणसे दप्तरांच्या गाठोड्यांसह भोपाळला आली. माझे आजोबा त्यांपैकी एक कारकून. आठ वर्षांचा मुलगा, म्हणजे माझे वडील, त्यांच्या बोटाला धरून होता. ते गाव तेव्हा केवढे होते? १९५१ च्या जनगणनेत भोपाळची वस्ती सुमारे १ लाख २ हजार होती. १९६१ मध्ये ती २ लाख २३ हजारांच्या घरात गेली. दहा वर्षांत दुपटीहून अधिक! तात्या टोपे नगरात सरकारी नोकरांसाठी घरांच्या रांगा उठल्या. पलीकडे पिपलानी-गोविंदपुऱ्याच्या माळावर हेवी इलेक्ट्रिकल्सचा प्रचंड कारखाना उभा राहिला आणि १९६० च्या नोव्हेंबरात पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले.

त्या धांदलीची एक खूण आजही शहराच्या मध्यभागी उभी आहे. ती म्हणजे मिंटो हॉल. १९०९ मध्ये कोनशिला बसविलेल्या या वास्तूत १९४६ पासून महाविद्यालय भरत असे. राजधानी आली, विधानसभेला जागा हवी झाली, आणि विद्यार्थ्यांच्या जागी आमदार आले. पुढे चाळीस वर्षे, नवे विधानभवन होईपर्यंत, म्हणजे १९९६ पर्यंत, सभा तेथेच भरली. यात कोणाला दोष द्यावयाचा नाही. राज्य चालले पाहिजे, हे खरेच. परंतु नवे शहर वसताना कोण कोणाला जागा करून देतो, हे या एका उदाहरणावरून ध्यानात यावे.

वडील सांगतात, की त्यांना ज्या शाळेत घातले तिचे वर्ग भरून गेले होते. म्हणून त्यांची इयत्ता व्हरांड्यात बसे. पाऊस एका बाजूने आला की वर्ग दुसऱ्या बाजूला सरके, आणि दोन्ही बाजूंनी आला की सुट्टी होई. आजोबांना राहावयास क्वार्टर मिळाले होते, कारण कारकुनाला घर लागते हे सरकारने आधी गृहीत धरले होते. त्या घरात मुलेही असणार, हे जणू मागाहून सुचले. माझ्या मते शाळागृहांच्या साऱ्या प्रश्नाचे मूळ येथे आहे. घर, रस्ता, कचेरी, कारखाना हे नकाशात पहिल्या दिवशी असतात. शाळा मात्र वस्ती भरल्यावर, तक्रारी वाढल्यावर, निवडणूक जवळ आल्यावर नकाशात शिरते. मुलाचे बालपण तोपर्यंत थांबत नाही.

याला त्याच काळात एक अपवाद भोपाळातच घडत होता. हेवी इलेक्ट्रिकल्सच्या वसाहतीत घरांबरोबर दवाखाना, बाजार आणि शाळाही उभ्या राहिल्या, कारण कारखान्याने कामगाराचे कुटुंब हा आपल्या खर्चाचा भाग मानला. भिलाई, राउरकेला, दुर्गापूर येथील पोलादाच्या वसाहतींतही हेच झाले. हे चौथे उत्तर, मालकाचे. ते चांगले होते. परंतु कुंपणाच्या आतल्या मुलाला खोली आणि कुंपणाबाहेरच्या गवंड्याच्या मुलाला झाडाची सावली, हा भेद त्याने आपोआप निर्माण केला. ज्याने वसाहतीच्या भिंती रचल्या, त्याच्या मुलाचे नाव मात्र त्या शाळेच्या पटावर येणे कठीण होते.

खोल्या नाहीत आणि पैसाही नाही, तेव्हा काय करावे? मग दिवसाचेच दोन तुकडे करावयाचे! दोन पाळ्यांची शाळा हे आपल्या देशाचे पाचवे आणि सर्वांत स्वस्त उत्तर होय. मद्रास राज्यात १९५३ मध्ये राजाजींनी दिवसाचे दोन भाग करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा, अशी योजना आणली. ती जातीचा धंदा पक्का करते असा तीव्र विरोध झाला आणि १९५४ मध्ये ती मागे घ्यावी लागली. त्यांच्यानंतर आलेल्या कामराज यांनी दुसरी वाट धरली. १९५८ पासून तेथे गावोगाव शाळा-सुधार परिषदा भरू लागल्या. लोकांनी वर्गखोल्या, बाके, घड्याळे, कपडे, जे जमेल ते दिले, आणि सरकारने शिक्षक दिले. आपल्या महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापिलेल्या रयत शिक्षण संस्थेने मुष्टिफंडाचा, म्हणजे दळणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला ठेवण्याचा, जो परिपाठ घालून दिला, तोही याच जातीचा. लोकवर्गणीचे हे सहावे उत्तर मला सर्वांत हृद्य वाटते. गावाने ज्या भिंतीला हात लावला, ती भिंत पडू लागली की गावाला लाज वाटते.

भोपाळात मात्र बहुतेक ठिकाणी पाळ्याच राहिल्या. मी स्वतः दुपारच्या पाळीचा विद्यार्थी. सकाळी त्याच बाकावर दुसरा एक मुलगा बसत असे. त्याला मी कधी पाहिले नाही. बाकाच्या खणात तो कधी बोराच्या बिया ठेवून जाई, कधी अर्धवट सोडविलेले गणित. एकदा मी त्याच्या गणिताचे उत्तर लिहून ठेवले, तर दुसऱ्या दिवशी त्याखाली "चूक" असे लिहिलेले सापडले, आणि ते खरेच चूक होते! आज हे आठवून हसू येते. परंतु शिक्षक झाल्यावर हिशेब केला, तेव्हा हसू मावळले. पाळीच्या शाळेत तास आखूड, खेळाचा तास जवळजवळ नाहीच, आणि शाळा सुटल्यावर मागे थांबून गुरुजींना काही विचारावे तर दाराशी दुसरी पाळी उभी. आम्हां दोघांना मिळून एक बाक मिळाले, हे खरे. पण आम्हां दोघांना मिळून एकच शाळा मिळाली, हेही तितकेच खरे.

या मधल्या काळात केंद्र सरकारही जागे झाले. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर १९८७ मध्ये 'खडू-फळा मोहीम' निघाली. प्रत्येक प्राथमिक शाळेला सर्व ऋतूंत वापरता येतील अशा किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शिकविण्याचे साहित्य द्यावयाचे, असे ठरले. खोल्यांचा पैसा मुख्यतः ग्रामीण रोजगाराच्या योजनांतून यावयाचा होता. योजना उत्तम, परंतु ग्रामीण रोजगाराचा पैसा शहरात खर्च होत नाही, आणि फुगत चाललेल्या शहरांची उपनगरे कागदावर खेडी नव्हती. १९९१ मध्ये भोपाळची वस्ती दहा लाखांवर गेली होती.

पुढे भोपाळहूनच एक धाडसी प्रयोग निघाला. १ जानेवारी १९९७ पासून मध्यप्रदेश शासनाने 'शिक्षण हमी योजना' सुरू केली. एक किलोमीटरच्या आत शाळा नसेल आणि चाळीस मुलांचे पालक, आदिवासी भागात पंचवीस, मागणी करतील, तर नव्वद दिवसांत शाळा देण्याची हमी सरकारने घेतली. शिक्षक गावातला, जागा गावाने द्यावयाची, मानधन सरकारचे. काही वर्षांतच अशा वीस हजारांहून अधिक शाळा निघाल्या. पालकांच्या अर्जाला मुदतीचे बंधन घालून सरकारला उत्तर देणे भाग पाडले, हा या योजनेचा मोठेपणा. परंतु ओसरीवर भरलेली शाळा ओसरीवरच राहिली तर? अल्प मानधनाचा गुरुजी आणि उसनी जागा हे गरिबाच्या मुलाचे कायमचे प्राक्तन ठरले तर? ही टीकाही झाली आणि ती अनाठायी नव्हती. नंतरच्या सर्व शिक्षा अभियानात या शाळांपैकी पुष्कळांना पक्क्या इमारती मिळाल्या. त्या अभियानात बांधकामावर एकूण खर्चाच्या तेहतीस टक्क्यांहून अधिक रक्कम घालावयाची नाही, असे बंधन होते; आणि बांधकाम ठेकेदाराऐवजी पालकांच्या व गावकऱ्यांच्या समितीने करावे, असा दंडक होता.

त्यानंतर सातवे उत्तर आले, हक्काचे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी अंमलात आला. प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, आणि प्राथमिक शाळेत तीस मुलांमागे एक शिक्षक, असे माप त्याने घालून दिले व त्यासाठी तीन वर्षांची मुदत दिली. पैशासाठी २००४ पासून केंद्रीय करांवर दोन टक्के शिक्षण उपकर बसलाच होता; पुढे तो तीन टक्के झाला, आणि २०१८ पासून आरोग्य व शिक्षण मिळून चार टक्के आहे. म्हणजे लोकल फंडाच्या एका आण्याचा हा नवा अवतार. त्याउलट २०२१ नंतर मध्यप्रदेशाने थोड्या पण साधनसंपन्न मोठ्या शाळा बांधून मुलांना गाड्यांनी तेथे आणण्याची योजना घेतली. आरंभी तिचे नाव 'सीएम राइज' होते, २०२५ मध्ये ते 'सांदीपनी' झाले. इमारती देखण्या आहेत, यात संशय नाही. परंतु शाळा मोठी झाली म्हणून ती जवळ येत नाही, हे लहान मुलांच्या आयांना विचारावे.

आता थोडे परदेशाकडे पाहू. इंग्लंडात १८७० च्या कायद्याने स्थानिक शाळामंडळे निवडली गेली. त्यांना पट्टी बसविण्याचा आणि कर्ज काढून इमारती बांधण्याचा अधिकार मिळाला, आणि लंडनच्या गरीब वस्त्यांतून शाळांच्या उंच इमारती उभ्या राहिल्या. अमेरिकेत आजही पुष्कळ ठिकाणी शाळेचा जिल्हा नव्या इमारतीसाठी कर्जरोखे काढतो. त्याआधी रहिवाशांचे मत घेतो, आणि घरपट्टीतून ते कर्ज वर्षानुवर्षे फेडतो. यात एक शहाणपण आहे. इमारत पन्नास वर्षे टिकते, तर तिचा भार एकाच वर्षाच्या अंदाजपत्रकावर का टाकावा? आणि एक दोषही आहे : श्रीमंत वस्तीची घरपट्टी जास्त, म्हणून तिची शाळाही उत्तम. आपल्याकडे शहरे कर्ज काढू शकत नाहीत असे नाही. २०१८ मध्ये भोपाळ महानगरपालिकेनेच १७५ कोटी रुपयांचे रोखे विकून नागरी सोयींसाठी पैसा उभारला. नळासाठी व गटारासाठी शहर कर्ज काढते, शाळेच्या खोलीसाठी काढत नाही. शाळा आपल्या नव्हेत, राज्याच्या आहेत, असे महानगरपालिका म्हणणार, आणि कायद्याने ते बरोबरही आहे. परंतु ज्या महानगरपालिकेच्या हद्दीत नव्या वसाहती दरवर्षी उठतात, तिच्याकडे नळजोडांची संख्या असते. मुलांची का नसावी?

आपण घरपट्टीची पावती कधी नीट वाचली आहे काय? मध्यप्रदेशात तिच्यात 'शिक्षा उपकर' नावाची एक ओळ असते. महाराष्ट्रातील शहरांतही १९६२ च्या कायद्याने शिक्षण कर घरपट्टीबरोबर वसूल होतो. ही ओळ म्हणजे आपल्या हाती असलेला पुरावा होय. ज्याने कर दिला त्याला विचारण्याचा अधिकार असतो : माझ्या प्रभागात यंदा किती मुले सहा वर्षांची झाली, आणि त्यांच्यासाठी किती खोल्या वाढल्या? हा प्रश्न कोणत्याही पक्षाचा नाही. तो जोतीरावांनी १८८२ मध्ये विचारलेल्या प्रश्नाचाच आजचा पाठ आहे.

या सात उत्तरांतून मला तीन गोष्टी उमजल्या. पहिली, शाळेची जमीन वसाहतीच्या नकाशात पहिल्या दिवशी राखली पाहिजे. मागाहून शहरात भिंत बांधता येते, भूखंड निर्माण करता येत नाही. दुसरी, खोली बांधणे हा एकदाचा खर्च असला तरी ती टिकविणे हा दरवर्षीचा खर्च आहे. म्हणून विद्यामंदिर योजनेतील कायमच्या उत्पन्नाची कल्पना पुन्हा विचारात घ्यावी. कोनशिलेला पुढारी मिळतात, गळक्या छपराला कोणी मिळत नाही. आणि तिसरी, पैसा राज्याचा असो, केंद्राचा असो वा वर्गणीचा, देखरेख मात्र ज्यांची मुले तेथे बसतात त्यांची असावी.

गेल्या वर्षी माझ्या वर्गात एकसष्ट मुले होती. तिसऱ्या रांगेच्या पलीकडे माझा आवाज पोहोचतो, नजर पोहोचत नाही. एकदा एक मुलगी आठवडाभर आली नाही आणि ते मला सहाव्या दिवशी कळले. हजेरीपटावर तिच्या नावापुढे मीच खुणा केल्या होत्या. पण गर्दीत एक चेहरा कमी आहे, हे डोळ्यांना जाणवले नव्हते. तिला ताप होता, ती बरी होऊन परतली, सर्व ठीक झाले. तथापि त्या दिवशी मला कळले, की गर्दीने मुलांच्या अभ्यासाचा नाश होतो त्याआधी शिक्षकाच्या दृष्टीचा होतो. खोली हवी ती यासाठी. भिंती चार असल्या, की आतली मुले मोजता येतात. आणि मोजता आली, की ओळखताही येतात.

१९५६ मध्ये व्हरांड्यात बसलेला तो आठ वर्षांचा मुलगा आज वृद्ध झाला आहे. पाऊस आला, की तो अजूनही खिडकीशी उभा राहून विचारतो, "आज कोणत्या बाजूचा आहे रे?" त्याच्या नातवंडांच्या पिढीला हा प्रश्न विचारण्याची पाळी येऊ नये, एवढेच मागणे.